हाकेला ओ देणारी वस्ती

(बारवी धरणाच्या परिसरात झालेल्या स्त्री कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन.)



शिबिराच्या पत्रकात माझा विषय 'मोबाईलवरचे गट आणि स्त्रियांचं संघटन' असा छापला आहे. त्या विषयाकडे वळण्याआधी आपण कुठे बसलो आहोत ते जरा बघू या. समोर बारवीचं पाणी आहे. हे धरण १९७२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळानं बांधलं. कारखान्यांची आणि उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर अशा शहरांची तहान त्यावर भागते. शहरं वाढली तशी धरणाची उंची वाढवली गेली. २०१९ च्या पावसाळ्यात वाढीव उंचीपर्यंत पाणी चढलं आणि काचकोली, तोंडली, मोहघर अशा गावांतली घरं, शेतं पाण्याखाली गेली. गावाची जागा गेली. मग गाव गेलं का? तिथल्या बायकांना विचारा. लग्नाकार्यात, सुतकात, अडीअडचणीला त्या अजून एकमेकींकडे 'आमच्या गावची' म्हणूनच जातात.

इथून थोड्या अंतरावर उल्हासनगर आहे. फाळणीत सगळं सोडून आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीचं १९४९ मध्ये गाव झालं. आजही तिथली माणसं पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' असं म्हणतात. ज्यांची जमीन गेली त्यांनी छावणीत नवा शेजार उभा केला. म्हणजे जागा आणि समाज या दोन गोष्टी एकच नाहीत, हे या परिसराला कुणी शिकवायला नको.

आता बदलापूर, अंबरनाथ बघा. चाळी गेल्या, सोसायट्या उभ्या राहिल्या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस इथून ६८ किलोमीटर. बाई पहाटे उठून डबे करते, गाडी पकडते, रात्री परत येते. शेजारच्या दाराला कुलूप आहे की माणसं आहेत हेसुद्धा तिला ठाऊक नसतं. तिचा खरा शेजार दोनच ठिकाणी असतो. एक लोकलच्या बायकांच्या डब्यात, आणि दुसरा तिच्या हातातल्या मोबाईलमध्ये. आपला आजचा प्रश्न या दुसऱ्या शेजाराचा आहे. तो खरा म्हणायचा का? त्याच्या भरवशावर संघटना उभी राहते का?

'बायका सारख्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात' हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. कधी आपल्या बैठकीतही ऐकू येतं. ते वाक्य जुनंच आहे, फक्त वस्तू बदलली आहे. पाणवठ्यावर बायका बोलत थांबल्या की त्यांच्यावर कुचाळक्यांचा शिक्का बसायचा. भिशीला जमल्या की 'घरची कामं नाहीत वाटतं' असं कानावर यायचं. चार बायका एकमेकींशी बोलतात, घरातलं बाहेर सांगतात, याचीच धास्ती असते. म्हणून मी सुरुवातीलाच सांगते, या नव्या पाणवठ्याची टर उडवायला मी आलेली नाही. तो आपल्या उपयोगाचा कसा होईल ते बघायला आले आहे.

समोरासमोर न भेटलेल्या बायकांचं नातं ही काही मोबाईलनं आणलेली नवलाई नाही. १९७७ मध्ये 'बायजा' निघालं, १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू झालं. अशा अंकांच्या वाचक एकमेकींना कुठे ओळखत होत्या? कुणी तालुक्याच्या गावी, कुणी मुंबईच्या खोलीत. एकीचं पत्र छापून यायचं आणि दहाजणींना वाटायचं, अरे, हे तर माझंच आहे. 'माझ्याच घरात असं होतं' हा समज मोडायला तेवढं पुरत असे.

त्याहून मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडलं. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेला अत्याचार 'मथुरा प्रकरण' म्हणून आपल्याला माहीत आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्राच्या प्रती हातोहात फिरल्या. एका गावच्या बायकांना दुसऱ्या गावच्या बायकांची नावंही माहीत नव्हती, पण एकच कागद सगळ्या वाचत होत्या. १९८० मध्ये मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' सुरू झाला, त्या ८ मार्चला ठिकठिकाणी मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. आजच्या भाषेत सांगायचं तर ते पत्र 'फॉरवर्ड' झालं होतं. पण नुसतं पुढे ढकलून कुणी थांबलं नाही. ज्यांनी वाचलं त्या जमल्या, भांडल्या, मसुदे केले, वर्षानुवर्षं पाठपुरावा करत राहिल्या. कागद आणि कायदा यांच्यामध्ये हे सगळं काम उभं होतं.

आज मोबाईलवर बायकांना नेमकं काय मिळतं? ज्या मुलीला मुलीच आवडतात आणि जिच्या गावात हे उच्चारायचीही सोय नाही, तिला आपल्यासारखी दुसरी भेटते. जातीबाहेर लग्न केल्यामुळे माहेर तुटलेल्या बाईला मध्यरात्री बोलायला कुणीतरी मिळतं. चाकाच्या खुर्चीवरून जिला सभेच्या हॉलचे जिने चढता येत नाहीत, ती घरातून सभेत भाग घेते. परदेशात नवऱ्यामागे गेलेल्या, कामाचा परवाना नसलेल्या मराठी मुलीला आपल्या भाषेत मन मोकळं करता येतं. १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'मायबोली' या मराठी संकेतस्थळावर जगभरची मराठी माणसं लिहीत आली, आणि तिथे 'संयुक्ता' नावाचा फक्त स्त्रियांचा गटही झाला. बोलायला वेगळा कोपरा लागतो, ही गरज तिथेही जाणवली. ज्यांना आपलं गाव ऐकून घेत नाही त्यांच्यासाठी हा आधार खोटा कसा म्हणायचा?

पण हा आधार सगळ्यांना मिळतो का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे देशाचे आकडे आहेत. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम ५४ टक्के जणींकडे स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. त्यानंतर आकडे वाढले असतील, पण मोबाईल हातात आला म्हणून तो आपला झाला असं होत नाही. आपल्या बचत गटांच्या याद्या काढून बघा. नाव सुनंदाचं आणि नंबर सुनंदाच्या नवऱ्याचा. बैठकीचा निरोप त्याला जातो, त्याला वाटलं तर तो सांगतो. गटात 'बायका' म्हणून मोजलेल्यांत निम्मे पुरुष वाचत असतील, तर कोणती बाई तिथे मारहाणीबद्दल लिहील? मुलगा पासवर्ड ठेवतो, सासू गॅलरी बघते, नवरा 'कुणाचा मेसेज?' म्हणून हात पुढे करतो. या धरणाभोवतीच्या ठाकूर, कातकरी पाड्यांत तर रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं. म्हणून पहिली कसोटी ही, की या पाणवठ्यावर यायची मुभा कुणाला आहे आणि कुणाच्या नजरेखाली.

दुसरी कसोटी, पाणवठा कुणाच्या मालकीचा? अंगणवाडी सेविकांचा अनुभव आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. सरकारनं त्यांना मोबाईल दिले. ते गरम व्हायचे, बंद पडायचे, आणि २०२१ मध्ये आलेल्या पोषण ट्रॅकरमध्ये इंग्रजीत माहिती भरायला सांगितलं गेलं. त्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते मोबाईल सरकारला परत केले. त्याच सेविका आपल्या युनियनचे निरोप, मोर्च्याची वेळ, कुठल्या प्रकल्पात काय घडलं, हे सगळं स्वतःच्या मोबाईलवरच्या गटात कळवत असत. यंत्र एकच, पण एका ठिकाणी वरून हुकूम यायचा आणि खालून आकडे जायचे, दुसऱ्या ठिकाणी बायका एकमेकींशी बोलायच्या. पन्नासजणी एका यादीत आल्या म्हणजे गट झाला असं समजू नका. ज्या गटात फक्त सूचना येतात आणि खाली 'ओके मॅडम' लिहायचं असतं, त्याला हजेरीपट म्हणावं.

आता तिसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराची बातमी आली. तक्रार नोंदवून घ्यायलाच तासन्‌तास लावले गेले, हे कळल्यावर लोक खवळले. मोबाईलवरून निरोप फिरले आणि २० ऑगस्टला शाळेसमोर आणि मग बदलापूर स्टेशनात हजारो लोक उतरले. दिवसभर गाड्या बंद राहिल्या, संध्याकाळी लाठीमार झाला. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. बायका मोठ्या संख्येनं रस्त्यावर होत्या, आणि त्या संतापानं व्यवस्थेला हलवलं, हे कबूल केलंच पाहिजे.

पण त्याच मोबाईलवर आणखी काय फिरत होतं? अफवा फिरत होत्या, त्याबद्दल पोलिसांनी गुन्हेही नोंदवले. मुली कोण, कुठे राहतात, याची विचारणा चालली होती. पीडित मुलीची किंवा स्त्रीची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. 'काळजीपोटी विचारलं' म्हणून तो माफ होत नाही. मग बदलापुरात इंटरनेट बंद करण्यात आलं. एका क्षणात सगळे गट मुके झाले. तेव्हा आपल्यापैकी किती जणींकडे एकमेकींचे पत्ते होते? घरी जाऊन दार वाजवता आलं असतं अशा किती मैत्रिणी त्या यादीत होत्या?

गर्दी आणि समाज यांतला फरक तिथे दिसतो. गर्दी जमवायला एक निरोप पुरतो, आणि ती संध्याकाळी पांगते. त्यानंतर शाळेत जायला घाबरणारी लेकरं असतात, कामावर खाडा करून कोर्टाच्या तारखेला जाणारी आई असते, 'आता विषय संपवा' म्हणणारे नातेवाईक असतात. त्या आईसोबत तारखेला कोण जातं? तिच्या धाकट्याला तेवढा वेळ कोण सांभाळतं? हे करणाऱ्या तीन बायका असतील, तर तीस हजार अंगठ्यांपेक्षा त्या तिघींचा गट मोठा. मी गट खरा की आभासी हे एवढ्यावरूनच ठरवते. हाक मारायची सोय कुणाला आहे, आणि हाक मारल्यावर जागेवरून उठून कोण येतं.

काही जणी म्हणतात, पडद्यावरचं सगळं खोटंच, त्याचं एवढं काय मनावर घ्यायचं. हे म्हणणं आपल्याला परवडणारं नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत 'लॅम्डामू' नावाचं एक काल्पनिक जग संगणकावर चालत असे. चित्रं नव्हती, नुसते शब्द. माणसं टोपणनावं घेऊन त्यातल्या 'खोल्यां'मध्ये गप्पा मारत. एका पुरुषानं युक्ती करून दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावावर, सगळ्यांदेखत, बीभत्स लैंगिक प्रकार लिहून दाखवले. ज्युलियन डिबेल या पत्रकारानं त्यावर 'द व्हिलेज व्हॉइस'मध्ये लेख लिहिला. कुणाच्या अंगाला बोटही लागलं नव्हतं, तरी ज्यांच्यावर ते बेतलं त्या खऱ्याखुऱ्या कोलमडल्या होत्या. मग तिथल्या रहिवाशांची सभा बसली. शिक्षा काय द्यायची, ती द्यायचा अधिकार कुणाचा, यावर तासन्‌तास वाद झाला, निर्णय झाला नाही. अखेर चालवणाऱ्यांपैकी एकानं स्वतःच्या अधिकारात त्या माणसाला काढून टाकलं. पुढे तिथे रहिवाशांनी मत देऊन नियम ठरवण्याची पद्धत आली. तोवर ती गप्पांची जागा होती. अन्याय झाल्यावर काय करायचं हे मिळून ठरवायला लागल्यावर तिची वस्ती व्हायला सुरुवात झाली.

आपल्याकडे जुलै २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांचे फोटो चोरून त्यांचा 'लिलाव' मांडणारी दोन अॅप निघाली. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. बोलणाऱ्या बायकांना गप्प करायचं, हा हेतू उघड होता. दुसऱ्या अॅपच्या वेळी मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेनं अटका केल्या, कारण त्या स्त्रिया लाजून घरात बसल्या नाहीत, नाव लावून बोलल्या, तक्रारी केल्या. वस्तीवरचा दगड आणि पडद्यावरचा दगड दोन्ही लागतात, आणि दोन्ही वेळा एकटीला जास्त लागतात.

म्हणून कायदा थोडा पाठ असू द्या. बाईच्या नकाराला न जुमानता तिचा पाठलाग करणं, आणि ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं, हे न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतं. तिचे खासगी फोटो चोरून काढणं किंवा पसरवणं कलम ७७ मध्ये येतं. तिनं काढायला संमती दिली असेल, पण पसरवायला दिली नसेल, तरीही तो गुन्हा ठरतो. 'तूच पाठवलास ना फोटो?' असं म्हणणाऱ्या ठाणे अंमलदाराला हे ठामपणे सांगता आलं पाहिजे. गटाची ॲडमिन व्हायला बायका घाबरतात, 'कुणी काही टाकलं तर मी अडकेन' म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं आहे की सभासदानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला ॲडमिन केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही, त्यात तिचा हेतू सामील असावा लागतो. तेव्हा किल्ली पुरुषांच्या हातात देऊ नका.

शेवटी, परत गेल्यावर काय करायचं ते सांगते. हे नियम नव्हेत, चर्चेला ठेवलेला मसुदा समजा.

गट लहान ठेवा. मोठ्या यादीत प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि शंभरजणींसमोर कुणी दुखणं काढत नाही. सूचनांसाठी मोठा गट असू द्या, बोलण्यासाठी वीस-पंचवीसजणींचा वेगळा.

प्रत्येक नंबर कुणाच्या हातात असतो हे त्या बाईला भेटून विचारा. जिचा मोबाईल तिचा नाही, तिच्या घरी जाणारी एक मैत्रीण नेमा. तिला गटाबाहेर समजू नका.

ॲडमिन दोघी असाव्यात आणि त्या सहा महिन्यांनी बदलाव्यात. कुणाला काढायचं असेल तर कारण सांगून, तिचं ऐकून काढा. बाहेरच्या सत्तेशी भांडताना आपल्या गटात छोटी सरकारं तयार होऊ नयेत.

कुठलीही बातमी पुढे पाठवण्याआधी विचारा, हे कुणी पाहिलं? दर पावसाळ्यात 'बारवीचे दरवाजे उघडले, गाव रिकामं करा' अशा अफवा उठू शकतात, आणि नदीकाठची बाई लेकरं काखेला मारून धावत सुटते. तहसील कार्यालयाला विचारून खात्री करण्याचं काम एकीकडे सोपवा. तसंच, कुणा मैत्रिणीची हकीकत तिच्या परवानगीशिवाय गटाबाहेर जाता कामा नये.

एक यादी कागदावर ठेवा. नाव, पत्ता, जवळची मैत्रीण, रक्तगट, रात्री कुणाच्या घरी आसरा मिळेल ते घर. इंटरनेट बंद पडलं, मोबाईल कुणी हिसकावला, तरी ही वही चालू राहते. ती कुठे ठेवायची हेही नीट ठरवा. चुकीच्या हातात पडली तर तीच वही घात करील.

आणि महिन्यातून एकदा भेटा. डब्यातल्या बायका गाडीत भेटतातच. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्याकडे आपण जाऊ. जी परगावी आहे, परदेशात आहे, तिला निदान आवाज ऐकवा.

एवढी उस्तवार कशाला, असं वाटेल. पण आपल्या आयांनी भजनी मंडळं, भिशी, बचत गट अशीच उस्तवार करून चालवले. कुणाकडे चहा, कुणाकडे सतरंजी, कुणाच्या घरी नवरा नसतो ती वेळ, असा हिशेब करून त्या जमायच्या. ते काम कुणी मोजलं नाही, पण त्याच्याच जोरावर बायका चावडीपर्यंत पोचल्या. मोबाईलनं अंतर कमी केलं आहे, कष्ट कमी केलेले नाहीत. ज्या गटात ते कष्ट कुणी घेत नाही, तिथे सकाळची फुलं आणि सणांच्या शुभेच्छा तेवढ्या उरतात.

दुपारच्या सत्रात प्रत्येकीनं आपल्या गटाची यादी उघडायची आहे. एकेका नावापुढे दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. ही बाई रात्री दोन वाजता मला फोन करू शकेल का? आणि मी तिच्याकडे जाईन का? ज्या नावांपुढे उत्तर 'नाही' येईल तिथून आपलं काम सुरू होतं. जेवणं आटोपली की वह्या घेऊन बसू.